भाऊसाहेब पाटोळे यांची ओळखीची खूण

एलिया प्रभुदास पाटोळे यांनी नगरच्या एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे बारनिशी सांभाळली. बारनिशी म्हणजे कचेरीत येणाऱ्या आणि कचेरीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद. कागद आला की क्रमांक, तारीख आणि विषय; गेला की पुन्हा क्रमांक, तारीख आणि कोणाकडे गेला ते. या बत्तीस वर्षांत कचेरीने अकरा साहेब पाहिले, एक कपाट वाळवीने संपवले, एकदा छपराचा पत्रा वाऱ्याने शेजारच्या आवारात गेला आणि आठ दिवस पत्रव्यवहार करून परत आणावा लागला. पण पाटोळ्यांच्या वहीत एक क्रमांक कधी गळला नाही. अर्जावर तारीख नसेल तर ते अर्ज परत करत. अर्जदार समोर उभा राहून ‘आजचाच आहे हो’ म्हणाला तरी परत करत.

“तुम्ही उभे आहात ते मला दिसतंय,” ते शांतपणे सांगत, “कागदाला दिसत नाही.”

अशा माणसाला स्वतःच्या पेन्शनचे कागद करताना अडचण येईल असे कोणाला वाटले नव्हते. खुद्द पाटोळ्यांना तर मुळीच नाही. १९७२ च्या ऑगस्टची अठ्ठावीस तारीख ही त्यांची निवृत्तीची तारीख. त्यांनी जानेवारीतच कोरे फॉर्म आणून भिंगारच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात टेबलावर मांडले आणि टाकाला नवे निब बसवले.

शेजारच्या खोलीत कानिफनाथ राहत. ते त्याच कचेरीतून शिपाई म्हणून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. पेन्शन या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता, कारण त्यांची स्वतःची पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले होते आणि त्या चौदा महिन्यांत त्यांनी सगळे नियम तोंडी ऐकून घेतले होते.

“भाऊसाहेब, पेन्शनीत चार गोष्टी हायेत,” कानिफनाथांनी चार बोटे पुढे केली. “एक, म्हैन्याची पेन्शन. दोन, ग्रॅच्युटी, ती एकदाच, रोख. तीन, विक्री.”

“विक्री कशाची?” पाटोळ्यांच्या पत्नी मार्थाबाईंनी आतून विचारले.

“पेन्शनीची. थोडी पेन्शन सरकारला इकायची. सरकार एकरकमी पैसं देतं आन् म्हैन्याची पेन्शन तेवढी बारीक करतं. मी इकली. म्हैस घेतली.”

म्हैस दुसऱ्या वर्षी आटली होती आणि पेन्शन बारीक ती बारीकच राहिली होती. हे भिंगारमध्ये सर्वांना माहीत असल्यामुळे कोणी पुढे विचारले नाही.

“आणि चौथं?” मार्थाबाई दाराशी आल्या.

कानिफनाथांनी चौथे बोट मिटले आणि पाटोळ्यांकडे पाहिले. पाटोळ्यांनीच मग सांगितले. चौथे ते कुटुंब निवृत्तिवेतन. निवृत्त माणूस गेला तर त्याच्या पत्नीला तिच्या हयातीपर्यंत काही रक्कम दरमहा मिळते. आठ वर्षांपूर्वी निघालेली योजना. बारनिशीत नोंदही आहे, क्रमांक सांगता येईल.

“क्रमांक राहू द्या,” मार्थाबाई म्हणाल्या. “मला काय करावं लागेल?”

“तुला काही नाही. दोघांचा एकत्र फोटो लागतो. आणि तुझी एक ओळखीची खूण.”

मार्थाबाईंनी टेबलाकडे पाहिले. त्यांना मूलबाळ नव्हते. जमीन नव्हती. भिंगारच्या खोल्या भाड्याच्या होत्या. त्यांच्या म्हातारपणात जे काही येणार होते ते या टेबलावरच्या फॉर्मातूनच येणार होते, आणि चौथ्या बोटाची गरज पडेल तेव्हा भाऊसाहेब फॉर्म दुरुस्त करायला असणार नव्हते.

“मग नीट भरा,” त्या म्हणाल्या.

पाटोळ्यांना हे थोडे लागले. त्यांनी आजवर काहीच नीट भरल्याशिवाय सोडले नव्हते. त्यांनी सात रकाने एका बैठकीत भरले. ‘पत्नीची ओळखीची खूण’ या आठव्या रकान्यापाशी निब जरा थांबले. त्यांनी डोळे मिटून मार्थाबाईंचा चेहरा आठवून पाहिला, तीळ वगैरे काही सापडेना, तेव्हा कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे ‘निरंक’ असे लिहून ते पुढे गेले. मार्थाबाई त्या वेळी चार पावलांवर पोळ्या लाटत होत्या.

राहिला फोटो. लग्नाला चौतीस वर्षे होऊनही दोघांचा एकत्र फोटो नव्हता. तो काढायचे ठरले तेव्हा मार्थाबाईंनी पहिल्यांदाच एक अट घातली.

“ती चामखीळ काढा.”

पाटोळ्यांच्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक चामखीळ होती. ती लग्नाच्या आधीपासून होती. न्हावी तिच्याभोवतीने वस्तरा वळवत असे आणि विचारात असले की पाटोळे ती अंगठ्याने चाचपत.

“चौतीस वर्षं काही बोलली नाहीस.”

“चौतीस वर्षं तुम्ही समोर होतात. चेहऱ्यात दुसरंही पाहायला होतं. हा फोटो तुमच्या माघारी माझ्याजवळ राहायचा. ट्रेझरीत मी तो घेऊन उभी राहणार, आणि खिडकीतला माणूस आधी चामखीळ बघणार.”

या बोलण्यात तर्काची चूक कुठे आहे हे पाटोळ्यांना दाखवता आले नाही. डॉक्टरकडे जाण्याचा विषय निघाला तेव्हा भिंतीपलीकडून कानिफनाथांचा आवाज आला.

“डॉक्टर कशाला? घोड्याचा केस बांधा. आठ दिवसांत गळती.”

भिंत विटांची होती, पण पातळ होती.

वेशीजवळ छगनचा टांगा उभा असे. छगनने आधी रोग विचारला, मग घोड्याशी सल्लामसलत केल्यासारखे करून शेपटीचा एक लांब पांढरा केस उपटला. घोड्याने मान वळवून पाटोळ्यांकडे पाहिले. “काळा केस चालत न्हाई,” छगन म्हणाला. “गाठ मारा, रोज थोडी आवळा. पैसं नगं. चांगल्या कामाचं घोडं पैसं घेत न्हाई.”

गाठ मार्थाबाईंनी मारली. केसाचे टोक कापायचे नाही, नाही तर आवळायला पकड राहत नाही, असे कानिफनाथांनी बजावल्यामुळे ते चार बोटे लोंबत राहिले. रविवारी चर्चमध्ये गायनाच्या वेळी पाटोळ्यांचा जबडा हलू लागला तसा तो केसही तालावर हलू लागला. पुढच्या बाकावरची मुले मागे वळून बसली. पाळकसाहेबांनी उपदेशात घेतलेला विषय नम्रतेचा होता, आणि पाटोळ्यांना तो आपल्याला उद्देशून आहे असे शेवटपर्यंत वाटत राहिले.

नवव्या दिवशी, कचेरीत, सकाळचे टपाल नोंदवताना चामखीळ गळाली. ती आवक वहीच्या उघड्या पानावर पडली. पाटोळे क्रमांक लिहीत होते. रबराचा चुरा समजून त्यांनी फुंकर मारली आणि पुढची ओळ घेतली. बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेली आणि नोंद न होता गेलेली ही एकच गोष्ट.

मग दोघे माळीवाड्यातल्या गहिनीनाथ फोटोग्राफरकडे जाऊन खुर्च्यांवर ताठ बसून आले. फोटो चांगला निघाला. मार्थाबाईंनी तो उजेडात धरून पाहिला, ‘आता बरं,’ एवढेच म्हणाल्या, आणि पाटोळ्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळे कागद पेन्शनचे काम पाहणाऱ्या टेबलावर दाखल केले.

त्या टेबलावर विजयमाला नावाची तरुण कारकून बाई होती. नोकरीची पहिली दोन वर्षे ती पाटोळ्यांच्या हाताखाली होती. तिचा पहिला रजेचा अर्ज त्यांनी तीन वेळा परत केला होता. तिच्यासारखी तयार झालेली माणसे कचेरीत कमी, असे ते अभिमानाने सांगत.

पाचव्या दिवशी कागद परत आले. सोबत हरकतीची चिठ्ठी होती, सुवाच्य अक्षरात, दोन ओळींची. पहिली ओळ: सर्विस बुकात ओळखीची खूण ‘हनुवटीच्या डाव्या बाजूस तुरीच्या डाळीएवढी चामखीळ’ अशी आहे, सोबतच्या फोटोत व प्रत्यक्षात ती आढळत नाही, खुलासा व्हावा. दुसरी ओळ: पत्नीची खूण निरंक दाखवली आहे, खात्री करावी.

दुसऱ्या ओळीत पाटोळ्यांना काही अर्थ वाटला नाही. पहिली त्यांनी उभ्या उभ्या तीनदा वाचली. १९४० साली रुजू होताना कोणा हेडक्लार्कने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून ती नोंद केली होती. सर्विस बुक हे आपल्याबद्दल असले तरी आपल्यासाठी नसते, त्यामुळे त्यांनी ते पान कधी पाहिले नव्हते.

“विजयमालाबाई,” ते तिच्या टेबलाशी गेले, “तुम्ही मला सात वर्षं ओळखता.”

“हो, भाऊसाहेब.”

“मग मी मीच आहे हे तुम्हाला दिसत नाही का?”

“मला दिसतंय,” ती म्हणाली. तिने मान वर केली आणि लगेच खाली घातली. “कागदाला दिसत नाही.”

कचेरीत दोन-तीन टेबलांवर एकदम खोकला आला.

“मोठ्या ऑफिसात गेल्यावर हे उलटून येण्यापेक्षा इथेच अडलेलं बरं,” ती हळू आवाजात पुढे म्हणाली. “तिथून परत आलं की वर्ष जातं. आणि भाऊसाहेब, मधल्या काळात काही झालं, तर बाईंच्या नावाचं काहीच उभं राहत नाही.”

घरी येऊन पाटोळ्यांनी हे मार्थाबाईंना जसेच्या तसे सांगितले. मार्थाबाईंनी हातातले तांदूळ निवडायचे थांबवले. अट त्यांची होती, गाठ त्यांनी मारली होती. त्या दिवसापासून चहा देताना त्यांचे लक्ष कपाकडे नसे, हनुवटीकडे असे.

पुरावा शोधायचा असे ठरले. पाटोळ्यांचा आधीचा एकच फोटो होता, १९५१ सालचा, एका साहेबाच्या निरोपाचा, तेवीस माणसांचा. तो हेडक्लार्कच्या मागे भिंतीवर लटकत होता. पाटोळ्यांनी खुर्चीवर चढून, भिंग लावून, तिसऱ्या रांगेतला आपला चेहरा तपासला. हनुवटीवर डाव्या बाजूला स्पष्ट काळा ठिपका होता. तसाच ठिपका साहेबाच्या कपाळावर, शिपायाच्या फेट्यावर आणि मागच्या झाडावरही होता. एकवीस वर्षे माश्यांनी फोटोचा उपयोग केला होता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सज्जन होते. त्यांनी हनुवटी बोटाने दाबून पाहिली.

“इथे काही नाही.”

“तेच म्हणतो मी. इथे होती, असं लिहून द्या.”

“जे आहे ते मी लिहून देतो, भाऊसाहेब. जे नाही तेही देईन. होतं, हे कसं देऊ? व्रणही राहिलेला नाही. कोणी काढली ही? हात फार चांगला आहे.”

पाटोळ्यांनी घोड्याचे नाव सांगितले नाही.

वकिलाच्या कारकुनाने प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. त्यात ‘सदर चामखीळ मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय काढली’ असे वाक्य आले. ते खोटे ठरेल, दडपण होते, असे पाटोळ्यांनी सांगितले. दडपण कोणाचे ते नाव घालावे लागेल, असे कारकून म्हणाला. मसुदा तिथेच राहिला.

जूनच्या अखेरीस कानिफनाथांनी मार्ग काढला. “फोटोवाल्याला सांगा. तो डाग काढतो, तसा डाग घालील. खोटं काय त्याच्यात? चामखीळ हुतीच की.”

पाटोळे दोन दिवस या विचारात होते. त्यांनी आजवर कागदावर नसलेले काही घातले नव्हते. पण हे नसलेले नव्हते, असलेले होते. फक्त आता नव्हते. अठ्ठावीस ऑगस्टला साठ दिवस राहिले होते. ते गहिनीनाथांकडे गेले.

“चाळीस वर्षं मी चामखिळी काढतो,” गहिनीनाथ पेन्सिलीला टोक करत म्हणाले. “घालून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. कुठं घालू?”

“डावीकडे. तुरीच्या डाळीएवढी.”

गहिनीनाथांनी फार मन लावून काम केले. चामखीळ इतकी जिवंत उतरली की मार्थाबाईंना ती पाहून गलबलून आले. पाटोळ्यांनी फोटो पाकिटात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कागद न तपासता दाखल केला.

गहिनीनाथांनी आपल्या डाव्या हाताला येणारी बाजू धरली होती. फोटोतला माणूस समोर तोंड करून बसलेला असतो, त्यामुळे चामखीळ पाटोळ्यांच्या उजव्या बाजूला उगवली होती. विजयमालाबाईंनी नवी चिठ्ठी लावली: पूर्वीच्या फोटोत खूण नव्हती, आताच्या फोटोत ती उजवीकडे आहे, प्रत्यक्षात दोन्हीकडे नाही, कोणती परिस्थिती खरी समजावी. खाली जुनी दुसरी ओळ तशीच होती, पत्नीच्या खुणेची.

“भाऊसाहेब,” चिठ्ठी देताना ती म्हणाली, “हा फोटो तुम्ही घरी न्या. आवकमध्ये घेतलेला नाही मी.”

म्हणजे खोट्या फोटोच्या नोंदीपासून तिने त्यांना वाचवले होते. पाटोळ्यांना हरकतीपेक्षा ते जास्त झोंबले. ते भिंगारला पाच मैल चालत आल्यासारखे दमून घरी पोचले. प्रत्यक्षात अंतर त्याच्या निम्मेही नाही.

त्या वर्षी पाऊस आला नाही. जुलै कोरडा गेला. राहात्याकडून, कोपरगावकडून येणारे लोक एकच बातमी आणत, आणि ती नसल्याची असे. जुलैच्या शेवटच्या शनिवारी सकाळी पाटोळे दाढी करत होते. मार्थाबाई चहा घेऊन आल्या आणि कप तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

“वस्तरा खाली ठेवा.”

“का?”

“ठेवा म्हणते ना.”

हनुवटीच्या डाव्या बाजूला मोहरीएवढे काहीतरी वर आले होते.

कानिफनाथांना बोलवावे लागले नाही. त्यांनी बोट लावून निदान केले. “मुळी राहिली हुती. गाठ हलकी पडली आसंल.” मार्थाबाईंच्या गाठीबद्दल कोणी तक्रार केली आणि ती त्यांना आवडली, असे एकदाच घडले ते हे.

त्यानंतरचे दिवस पाटोळ्यांना मानाचे गेले नाहीत. वस्तरा बंद झाला; कचेरीत ते अर्धवट दाढीने जाऊ लागले. भिंगारच्या बाजारात लोक राम राम करताना आधी हनुवटीकडे पाहत. कोणी एरंडेल लावायला सांगितले, कोणी लोणी. कानिफनाथ रोज सकाळी येऊन डोळ्यांनी माप घेत आणि ओट्यावर जाहीर करीत: मोहरी सोडली, आज बाजरी. पुढे मूग. सगळ्या जिल्ह्यात त्या हंगामात जोमाने वर आलेले ते एकच पीक होते, आणि त्याला पाणी लागत नव्हते.

“अठ्ठावीसच्या आत तूर व्हायला पायजे,” कानिफनाथ म्हणत. “मूग चालनार न्हाई. बुकात तूर हाय.”

मार्थाबाईंनी पंधरा ऑगस्टला डब्यातून तुरीच्या डाळीचा एक दाणा काढला आणि नवऱ्याच्या हनुवटीशी धरला. दाणा मोठा ठरला. त्यांनी तो परत टाकला आणि डब्यातली सगळ्यात बारीक डाळ निवडली. तीही मोठी ठरली. पाटोळे भिंतीकडे पाहत बसून राहिले. माणसाची बत्तीस वर्षांची नोकरी अखेर कशाशी मापली जाते, याचा विचार करायला त्यांना वेळ मिळत होता.

तेवीस तारखेला मापे जुळली. दुपारी गहिनीनाथांकडे पुन्हा फोटो निघाला. या खेपेला पाटोळ्यांनी मान थोडी उजवीकडे वळवली, म्हणजे जे दाखवायचे ते पुढे येईल. मार्थाबाई शेजारी बसल्या. ट्रेझरीच्या खिडकीतल्या माणसाला आधी चामखीळच दिसणार होती, आणि आता त्यांची तशीच इच्छा होती.

पंचवीस तारखेला दोघे मिळून कचेरीत गेले. मार्थाबाई बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिथे आल्या होत्या. विजयमालाबाईंनी सर्विस बुक उघडले, फोटो शेजारी ठेवला, मग उठून पाटोळ्यांच्या डाव्या बाजूला येऊन वाकून पाहिले. आपल्या डब्यातून डाळ मागवावी लागते की काय, असे सगळ्या टेबलांना वाटले. पण तिने मान हलवली आणि पहिल्या ओळीवर रेघ मारली.

“आता दुसरी,” ती म्हणाली. “बाईंची खूण.”

“निरंक,” पाटोळे म्हणाले. “लिहिलंय मी.”

“खात्री केलीत का, भाऊसाहेब?”

पाटोळ्यांनी पत्नीकडे पाहिले. पाचशे दिवसांपूर्वी गेलेला कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते त्यांना न उठता सांगता येत असे. इथे ते नुसते पाहत राहिले.

मार्थाबाईंनी उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात टेबलावर ठेवला. मनगटाच्या वर दोन बोटे रुंद, गुळगुळीत, फिकट डाग होता.

“भाजल्याचा?” विजयमालाबाईंनी विचारले.

“तव्याचा.”

“हा कधीचा?” हे पाटोळ्यांनी विचारले.

“तुम्ही कामावर लागलात त्या दिवसाचा,” मार्थाबाई म्हणाल्या. “साडेआठला डबा पाहिजे म्हणून घाई केली होतीत. हात बांधून घेतला होता तर तुम्ही म्हणालात, संध्याकाळी बघतो.”

विजयमालाबाईंनी सर्विस बुकाचे पहिले पान उलटून रुजू झाल्याची तारीख पाहिली. ‘निरंक’ खोडून तिने वर डागाची नोंद केली, खोडल्याजागी सही केली आणि कागदांवर जावक क्रमांक घालायला वही पाटोळ्यांपुढे सरकवली. तो क्रमांक त्यांनीच घालायचा होता. अजून तीन दिवस बारनिशी त्यांच्याकडे होती. त्यांनी तो घातला. तारीख घातली. विषयाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहून त्यापुढे ‘व पत्नी’ असे लिहिले.

परतताना वेशीपर्यंत छगनचा टांगा मिळाला. बसायला आले तसे छगनने मागे वळून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

“भाऊसाहेब, ही तशीच की. माझ्या घोड्याचा केस आजवर वाया गेला न्हाई. थांबा, दुसरा देतो.”

तो खाली उतरून शेपटीपाशी पोचेपर्यंत पाटोळे हनुवटी मुठीत झाकून टांग्याच्या मागल्या बाकावर, घोड्यापासून जितके लांब जाता येईल तितके, जाऊन बसले. तिथे मार्थाबाईंच्या उजवीकडे जागा होती. टांगा चालू लागल्यावर त्यांनी मूठ सोडली, मार्थाबाईंचा हात आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला, बांगड्या वर केल्या आणि डाग उजेडात धरून नीट पाहिला.

“संध्याकाळ झाली वाटतं,” मार्थाबाई म्हणाल्या.